अर्धशिशी की मेंदूतला फुगा?

प्रश्न : वय ३६, खानापूर तालुका. दहा-बारा वर्षं अर्धशिशी आहे. महिन्यातून दोनदा तरी डोकं उठतं, उलटी होते, अंधारात पडून राहावं लागतं. यंदा माझे मामा मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून गेले. माझ्या अर्धशिशीचंही तसंच होईल का? स्कॅन करून घेऊ का?

उत्तर : ताई, अर्धशिशीचा पुढे अन्युरिझम होत नाही. अन्युरिझम म्हणजे धमनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगा. शंभरातल्या साधारण तिघांच्या मेंदूत तो असतो, बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही, आणि न फुटलेला सहसा दुखतही नाही.

दुखणं किती आहे यापेक्षा ते किती वेळात चढलं, हे बघा. अर्धशिशी हळूहळू वाढते, ४ ते ७२ तास राहते, उजेड-आवाज सोसवत नाही. फुगा फुटला तर वीज पडावी तसं मिनिटाभरात दुखणं टोकाला जातं. मान आखडते, कधी शुद्ध हरपते. उलटी मात्र दोन्हींत होते, म्हणून ‘पित्त झालंय’ असं समजून जीव धोक्यात येतो. एका डोळ्याची पापणी अचानक उतरली, बाहुली मोठी झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर डोकं फार दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत असू शकतो.

अशा वेळी दुखणं सुरू झालेली वेळ लिहून ठेवा. पहिल्या ६ तासांत सीटी स्कॅनवर रक्त जवळजवळ हमखास दिसतं. नंतर ते पुसट होतं आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, गावात इंजेक्शन घेऊन झोपू नका. १०८ बोलवा, बेळगावात सीटीची सोय असेल तिथं जा. तिथं कन्नडमध्ये नुसतं ‘तलेनोवु’, म्हणजे डोकेदुखी, सांगितलं तर रोजचंच दुखणं वाटेल. ‘ओम्मेले बंतु’, म्हणजे एकदम आलं, हे आधी सांगा.

आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना अन्युरिझम असेल, किंवा घरात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर तपासणीचा विचार करतात. एकट्या मामांमुळे तुम्हाला आज स्कॅनची गरज दिसत नाही; दुखण्याची नेहमीची तऱ्हा बदलली तर जरूर दाखवा. आईचा रक्तदाब मात्र मोजून घ्या, आणि घरात कुणी विडी ओढत असेल तर ती सोडवा. फुगा फुटायला ही दोन मोठी कारणं आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त होऊ लागल्या, तर त्यांनीच डोकं उठायला लागतं. कॅलेंडरवर खूण करत चला.