तिला विचारलंस का?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी चहा अर्धा टाकून गेलास. पायरीवर चपला घालता घालता म्हणालास, "सर, शेवटी सगळं बायोलॉजीच आहे. मुलींना पैसा आणि स्टेटस लागतं, उत्क्रांतीनेच त्यांना तसं घडवलंय." प्राणिशास्त्र तुला मी शिकवलं, त्यामुळे ते वाक्य माझ्याच वर्गातून बाहेर पडल्यासारखं ऐकू आलं. फोनवर तू नुसता "हो सर, हो सर" करतोस, म्हणून लिहायला बसलो.

एकच विचारायचंय. तिला विचारलंस का?

सांगून आलेल्या त्या मुलीशी गंगापूर धरणाच्या कडेला पाऊण तास बोललास. ती हसली, द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीबद्दल तिने खोदून खोदून विचारलं, हे सगळं तूच सांगितलंस. आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला की पत्रिका जमत नाही. तेवढ्यावर तू समस्त स्त्रीजातीचा लाखो वर्षांचा इतिहास लिहून मोकळा झालास! तिचा त्यात एक शब्द तरी आहे का?

मखमलाबादला एका मळ्यात विहिरीवर बाभूळ आहे. पावसाळ्यात तिथे सुगरणीचे खोपे लटकतात. आपण नाव बाईचं दिलंय, पण विणतो नर. पिवळ्या डोक्याचा तो पठ्ठ्या गवताची पाती चिरून आणतो, अर्धा खोपा विणतो, शिरस्त्राणासारखा दिसतो तो, आणि खाली लोंबकळून पंख फडफडवत बसतो. मादी येते, आत शिरते, ओढून बघते, पसंत पडला तर राहते. मग तो उरलेला खोपा आणि बोगदा पुरा करतो. नाहीच पडला तर अर्धा खोपा तसाच वाऱ्यावर. मी वही घेऊन चार पावसाळे तिथे बसलो. मला वाटायचं, बारीक वीण असलेला खोपा आधी जात असणार. तसं काही जुळेना. पुढे अभ्यासकांचं वाचलं, तर मादी विणीपेक्षा जागा जास्त बघते: काटेरी झाड, उंची, फांदीची जाडी. म्हणजे चार पावसाळे मी नराच्या नजरेने बघत होतो. तूही तेच करतोयस.

आणि सुगरणीला मामा नसतो. तुझ्या त्या स्थळात नकार नेमका कुणाचा, तिचा, वडिलांचा की 'नाशकात फ्लॅट पाहिजे' म्हणणाऱ्या मामाचा? डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवड सविस्तर मांडली तेव्हा मोराची मादी निवडते म्हणाला. लांडोरीचे पाव्हणे बैठकीला बसतात असं तो कुठेही म्हणालेला नाही.

बरं, त्याचंच घे. १८३८ साली या गृहस्थाने कागदावर लग्नाचे फायदे-तोटे मांडले होते. फायदा काय, तर म्हातारपणी सोबत, निदान कुत्र्यापेक्षा बरी. तोटा काय, तर पुस्तकांना पैसे कमी उरणार. एवढी अक्कल पाजळून झाल्यावर नोव्हेंबरात तो गेला आणि एमाला सरळ विचारून आला. ती हो म्हणाली. सख्ख्या मामाची मुलगी, वयाने त्याच्याहून नऊ महिन्यांनी मोठी. आपल्याकडे पहिल्या गोष्टीवर टाळ्या पडल्या असत्या आणि दुसरीवर कुजबुज झाली असती. असो. त्याने विचारलं, हे लक्षात घे.

मी शास्त्र नाकारतोय असं समजू नकोस. १९७२ साली जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्सने मांडलं की पिलामागे ज्याची गुंतवणूक जास्त, तो जोडीदाराबाबत जास्त चोखंदळ. नऊ महिने पोट आणि पुढे अंगावरचं दूध, तर बाई पारखून घेणारच. १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बसने ३७ समाजांतल्या दहा हजारांवर लोकांची उत्तरं छापली, त्यात भारतही होता. सरासरीने बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त वजन दिलं, पुरुषांनी रूपाला आणि तरुण वयाला. तुझ्या मोबाइलवरचे दाढीवाले उस्ताद इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच पाहणीत बायका आणि पुरुष, दोघांनीही अगदी वर ठेवलेल्या गोष्टी म्हणजे समजूतदार स्वभाव आणि बुद्धी. यावर व्हिडिओ चालत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी १९९९ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा चाळली, तर जिथे बायकांना बरोबरीची संधी जास्त तिथे कमाईची ही ओढ कमी दिसली. २००८ मध्ये ईस्टविक आणि फिंकेल यांनी तरुण मुलामुलींकडून काय हवं ते आधी लिहून घेतलं, मग काही काही मिनिटं एकेकासमोर बसवलं. प्रत्यक्षात कोण आवडलं, याच्याशी त्या लिहून दिलेल्या यादीचा फारसा मेळ बसला नाही. दहा हजारांचं काय ते पुस्तकात सापडेल. एकीचं हवं असेल तर तिलाच विचारावं लागतं, गाढवा.

आणि आकडाच हवा तर हा घे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. २००१ मधली ती पोरं आज तुझ्या वयाची. गावागावांत बागाईतदारांची मुलं तिशी ओलांडून बसलीत, त्याचा दोष कुठल्या आदिमानवाला देणार? गर्भातच खुडलेल्या मुली आता स्थळ म्हणून कुठून येणार?

चिडलोय खरा. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. बेटमनचा १९४८ चा फळमाश्यांवरचा प्रयोग मी पंचवीसेक वर्षं शिकवला. नराला माद्या जितक्या जास्त तितकी प्रजा जास्त, मादीचं तसं नाही. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला, तर त्यात मोजणीचाच घोळ निघाला. पिलू कुणाचं ते ओळखायला आईबापांच्या अंगातले आनुवंशिक दोष खूण म्हणून वापरले होते; ज्या पिलांना ही खूण दोघांकडूनही मिळायची त्यातली बरीच मरून जायची, म्हणजे हिशेबातूनच गळायची. आणि मी तो फळ्यावर काढून पोरांना हसवायचो. "मादी साधनसंपत्ती बघते, बरं का!" तूही हसला होतास, पहिल्या बाकावर.

त्या विनोदामागे एक फियाट होती. १९८४ साली वनस्पतिशास्त्राला एक बाई होत्या. मला त्या आवडायच्या, त्यांनाही मी. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "तुमचं काय ठरतंय?" मी म्हणालो, "बघतो." आठ महिने बघत होतो. मग त्यांचं लग्न झालं, दारात फुलं लावलेली फियाट उभी होती, आणि मी तिथेच सिद्धांत पक्का केला. वीस वर्षांनी एका कार्यात पंगतीला शेजारी बसलो. बोलता बोलता मी गाडीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "कुठली फियाट? ती सासऱ्यांच्या मित्राची, लग्नापुरती आणलेली. आम्ही एका खोलीत संसार मांडला." आणि त्यांनी मठ्ठा वाढायला सांगितलं.

आता तू म्हणशील, सरांनी उत्तर का दिलं नाही? बहिणीचं लग्न व्हायचं होतं. वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. नोकरी कायम झाली नव्हती, दर जूनला नवा कागद यायचा. अशा माणसाने कुणाला शब्द कसा द्यायचा? तेव्हा ते बरोबरच होतं, आजही मला तसंच वाटतं. पण निदान हे एवढं तरी जिन्यात बोलता आलं असतं. 'बघतो' म्हणण्यापेक्षा जास्त वेळ लागला नसता.

तिचा नंबर तुझ्याकडे आहे, तूच म्हणालास. मध्यस्थाला मध्ये घेऊ नकोस, आईकडून निरोप पाठवू नकोस आणि इंग्रजीत लांबलचक मेसेज तर मुळीच नको. फोन कर आणि विचार, की नकार तुमचा आहे का. हो म्हणाली तर बरं म्हण आणि ठेव. परत फोन करायचा नाही, कुणाकडे तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पुन्हा उत्क्रांतीच्या नावाने माझं डोकं खायचं नाही.

परवाच्या वाऱ्यात विहिरीजवळ एक अर्धा खोपा पडला, तो उचलून आणलाय. आत नराने लावलेला चिखल अजून चिकटून आहे. बघायचा असेल तर रविवारी चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो. फोन करून झाला असेल तरच ये.

तुझे
सर