शिकागोहून आलेली माणसं

चि.,
अनेक आशीर्वाद.

मेल मिळाली. आयोवा राज्यातलं डब्यूक आवडलं, मिसिसिपीचा काठ आवडला, हे वाचून बरं वाटलं. ‘शिकागोची माणसं आली आणि गाव बिघडलं’ हे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकून तू गप्प राहिलीस, आणि आता विचारतेस की काय बोलायला हवं होतं.

‘शिकागोची माणसं’ म्हणजे त्यांच्या मनात कृष्णवर्णीय. पण एक गंमत बघ. तूही शिकागोहूनच आलीस की! तिथल्या ओहेअर विमानतळावर उतरून, गाडीनं. तरी ते वाक्य तुझ्यासमोर बिनधास्त बोललं गेलं, कारण त्यांच्या हिशेबात तू ‘चांगली’ पाहुणी. हा मान फुकट मिळतो आणि त्याची चटक लागते. लावून घेऊ नकोस.

गावाचा इतिहास माहीत असू दे. १९९० मध्ये साडेसत्तावन्न हजारांच्या या गावात कृष्णवर्णीय साडेतीनशेसुद्धा नव्हते. १९८९ मध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबाचं गॅरेज जाळलं गेलं आणि तिथे जळका क्रॉस सापडला; क्रॉस जाळणं ही कृष्णवर्णीयांना धमकावण्याची तिथली जुनी रीत. काही भल्या लोकांनी मग योजना आखली: १९९५ पर्यंत शंभर अल्पसंख्य कुटुंबं गावात आणायची. १९९१ मध्ये नगर परिषदेनं ती मान्य केली आणि त्याच वर्षी आणखी क्रॉस जळले. ऐंशीच्या दशकात कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या. आमचीच पोरं रिकामी आणि बाहेरच्यांना आवतण, हा राग होता. हा सूर आपल्याला अनोळखी नाही, मुंबईतही वाजतो.

पुढे शिकागोनं गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतींचे टॉवर पाडले. त्यातल्या रॉबर्ट टेलर होम्स या वसाहतीच्या सोळा मजली २८ इमारती २००७ पर्यंत गेल्या. भाड्याचं सरकारी व्हाउचर दुसऱ्या गावीही चालतं: उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग भाडेकरूनं द्यायचा, उरलेलं सरकारनं. काही कुटुंबांनी बरी शाळा, स्वस्त घर बघून आयोवा गाठलं. तुम्ही मुलं नोकरीसाठी जे करता तेच त्यांनी केलं.

२००९ मध्ये डब्यूकनं आयबीएमला पायघड्या घातल्या. त्या नोकऱ्यांमागून आपली मंडळीही आली. त्याच सुमारास व्हाउचरच्या यादीत मात्र स्थानिकांना झुकतं माप देणारे नियम आले. २०१३ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं ठरवलं की यात कृष्णवर्णीयांशी भेदभाव झाला, आणि पुढच्या वर्षी शहराला सुधारणेचा करार करावा लागला. नियमात रंगाचा उल्लेखही नव्हता. मला यातलं हेच सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

घर शोधताना तुला असा आडून केलेला भेदभाव भेटेलच. रंगावरून घर नाकारणं १९६८ पासून बेकायदा आहे. व्हाउचर नाकारायला मात्र आयोवात आडकाठी नाही. २०२१ च्या कायद्यानं तर शहरांना अशा नकारावर बंदी घालायचा अधिकारही ठेवला नाही. पुण्यात आडनाव विचारून ‘घर आत्ताच गेलं’ म्हणणारे मालक तुला ठाऊक आहेत, तेव्हा फार समजावत नाही.

जेवायला त्याच टेबलावर बस. तुझे सहकारी दुष्ट नाहीत. पुन्हा विषय निघाला तर भाषण देऊ नकोस, साधं विचार: कोण? कुठल्या गल्लीत? तुमच्याशी काय झालं? बऱ्याचदा सगळं ऐकीव निघतं. पण कुणाची खरंच गाडी फोडली गेली असेल तर नीट ऐकून घे. नुकसान झालेल्याला समाजशास्त्र सांगू नये. फक्त एकाच्या गुन्ह्याचं बिल सगळ्या वस्तीवर फाडायला लागले, तर तिथे ‘मला नाही पटत’ एवढं म्हण. हसून म्हटलंस तरी चालेल.

आणि राहायला फक्त भारतीय असलेल्याच इमारतीत जायचा बेत आहे म्हणतेस, तो जरा थांबव. भाडेकरार वर्षाचा असतो. सही करण्याआधी गावाच्या खालच्या अंगाला, डाउनटाउनच्या उत्तरेकडच्या जुन्या गल्ल्यांत, एक-दोन घरं बघून ये. तिथे मालक काय काय विचारतात ते मला कळव.

तुझा,
काका