बॅटरीवर १३.६ व्होल्ट दिसतात, तरी वीज गेली की रिपीटर (रेडिओ संदेश पकडून पुढे पाठवणारा सेट) दहा मिनिटांत बंद पडतो. बॅटरी आणि पॉवर सप्लाय नेमके कसे तपासावेत?

चार्जर जोडलेला असताना मोजलेत ना? मग ते १३.६ व्होल्ट चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी फ्लोटवर (भरलेली ठेवण्यासाठी चार्जरला कायम जोडलेली) असली की आतून संपत आलेली असतानाही मीटरवर हाच आकडा दिसतो. रेडिओ स्टेशनांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. नोंदवहीत महिनोन्महिने ‘१३.६, ठीक’ लिहिलेलं आणि वीज गेल्यावर स्टेशन गप्प, हे मी अनेकदा पाहिलंय. अडचणीच्या वेळी लोक ज्या सेटवर विसंबून असतात, त्याची तपासणी लोड टाकूनच, म्हणजे खरोखर करंट ओढूनच व्हायला हवी.

पण बॅटरी बदलण्याआधी एक गोष्ट बघा. अँटेना काढून डमी लोड (अँटेनाऐवजी ट्रान्समीटरची शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावा, चार्जर बंद करा आणि ट्रान्समिट चालू ठेवून व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि सेटच्या टर्मिनलवर. बॅटरीवर १२.३ आणि सेटवर ११.४ आले, तर दोष वायर, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा फ्यूज होल्डरचा. १० अँपिअरला ०.९ व्होल्ट पडले म्हणजे ९ वॅट उष्णता तिथेच कुठेतरी तयार होतेय. बोट लावलंत तर बहुतेकदा जागा सापडते. सेट लो-व्होल्टेज कटऑफमुळे (व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की आपोआप बंद करणारी सोय) बंद होत असेल, तर बॅटरी चांगली असूनही दहा मिनिटांत खेळ संपतो.

बॅटरीवरचंच व्होल्टेज भराभर उतरत असेल, तर कपॅसिटी, म्हणजे बॅटरी खरोखर किती वीज देऊ शकते ते, मोजा. आधी पूर्ण चार्ज करा, चार्जर सोडवा, काही तास तशीच ठेवा. १२.७ च्या वर असेल तर सुरुवात ठीक. मग स्थिर करंट ओढा. १० तासांच्या दरावर १०० अँपिअर-तास लिहिलेल्या बॅटरीतून १० अँपिअर ओढले, तर १०.५ व्होल्टपर्यंत (म्हणजे सेलमागे १.७५) यायला तिला १० तास लागायला हवेत. ६ तासांत आली तर ६० टक्केच उरलीय. ८० टक्क्यांखाली गेली की मी बदलतो, कारण त्यापुढे घसरण वेगानं होते. दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहा, शेवटच्या तासात अधिक वेळा, आणि १०.५ ला थांबाच, खाली नेलीत तर बॅटरीचं नुकसान होतं. खोलीचं तापमानही टिपून ठेवा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून पत्र्याच्या तापलेल्या शेल्टरमध्ये बॅटऱ्या लवकर जातात.

दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतील तर एकूण आकड्यावर अजिबात जाऊ नका. एका २४ व्होल्टच्या स्टेशनवर मला एकूण २७.२ मिळाले, अगदी पुस्तकातल्यासारखे. वेगवेगळ्या मोजल्यावर एकीवर १४.८ आणि दुसरीवर १२.४ निघाले. दुसरीतला एक सेल शॉर्ट झाला होता आणि त्याच्या वाटचं व्होल्टेज बाकीच्या सेलांवर चढून चांगली बॅटरीही ओव्हरचार्ज होत होती. दोन्ही बदलाव्या लागल्या.

पॉवर सप्लायची चाचणीही लोडवरच, पण बॅटरी सोडवून, कारण जोडलेली बॅटरी रिपल (डीसीवर उरलेला एसीचा चढउतार) दाबून टाकते. लोडशिवाय आणि ट्रान्समिटवर, दोन्ही वेळा व्होल्टेज बघा. रिपलसाठी ऑसिलोस्कोप उत्तम. नसेल तर मल्टिमीटर एसी रेंजवर ठेवून मध्ये एक कपॅसिटर घाला, नाहीतर काही मीटर डीसीलाच एसी समजतात. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या फुल-वेव्ह रेक्टिफायरचा रिपल १०० हर्ट्झचा असतो आणि तो कॅरिअरवर (ट्रान्समीटरच्या मूळ रेडिओ लहरीवर) गुणगुणल्यासारखा ऐकू येतो. तसं ऐकू आलं तर पहिला संशय फिल्टरच्या वाळलेल्या कपॅसिटरवर.

अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, पाना इन्सुलेशनवाला वापरा, खोली हवेशीर ठेवा. शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो, मोठी असेल तर हजारो अँपिअर सोडते आणि चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघू शकतो. व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा) ट्रान्समीटर असेल तर त्याच्या हाय व्होल्टेजला माहितगार माणूस सोबत असल्याशिवाय हात लावू नका.

कपॅसिटी मोजल्यावर बॅटरी रिकामी असते, म्हणजे वीज गेली तर मागे काहीच नाही. तेव्हा ती पूर्ण भरेपर्यंत दुसरी बॅटरी जोडून ठेवा. दहा तासांहून जास्त वेळ सहज लागेल.