वॅकस्टोन आणि पॅकस्टोन या चुनखडकाच्या दोन प्रकारांत फरक कसा करायचा? आणि आपली शहाबादी फरशी कशात बसते?

भूवैज्ञानिक डनहॅमच्या चुनखडकांच्या 1962 च्या वर्गीकरणात पहिला प्रश्न एकच असतो: दगडाचा भार कण (शिंपल्यांचे तुकडे, गोल दाणे) पेलतात की चुन्याचा बारीक गाळ? कण गाळात सुटे तरंगत असतील आणि 10 टक्क्यांहून जास्त असतील तर वॅकस्टोन, 10 हून कमी असतील तर मडस्टोन. कण एकमेकांना टेकलेले आणि फटींत गाळ असेल तर पॅकस्टोन; गाळच नसेल तर ग्रेनस्टोन. जिवंत असतानाच जीवांनी बांधून ठेवलेला तो बाउंडस्टोन.

नमुना कापून 600 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा, ओला करा आणि 10 पट भिंगाखाली बघा. कोरडा, खडबडीत तुकडा तसाच बघून बहुतेक जण फसतात. काप सपाट असल्यामुळे प्रत्यक्षात टेकलेले कणही त्यात सुटे दिसतात, म्हणून एकाच नमुन्याचे दोन-तीन दिशांनी काप घ्या. नुसती टक्केवारी मोजून पॅकस्टोन ठरवू नका: वाकड्या शिंपल्या कमी संख्येतही एकमेकांवर टेकतात, ऊलिथना (चुन्याच्या बारीक गोल दाण्यांना) त्यासाठी दाटी लागते.

आपल्या सोलापूरच्या जमिनीखाली चुनखडक नाही, बेसाल्ट आहे; पण सरावाचा दगड घराघरांत पायाखाली आहे. शहाबादी फरशी भीमा खोऱ्यातल्या चुनखडकाची. तिचा ताजा तुटका काठ बघा: अतिबारीक, एकजिनसी, कण जवळजवळ नाहीतच. अशी फरशी मडस्टोन. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने ती लगेच फसफसते. डोलोमाइट (चुनखडकासारखाच दिसणारा, मॅग्नेशियम असलेला दगड) मात्र पूड केल्यावरच नीट फसफसतो.