फुंकायच्या तपासणीत ५२ टक्के

मागच्या महिन्यात स्पायरोमेट्रीवर, म्हणजे पेशंट जिला 'फुंकायची टेस्ट' म्हणतात तिच्यावर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न एकच: रिपोर्टवरचा आकडा म्हणजे उरलेलं आयुष्य का? आधी तोच घेतो.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. एफईव्ही-१ ५२ टक्के आलं. निम्मं फुप्फुस निकामी झालं का? ते किती वर्षं काढतील? (नाशिक)

निम्मं फुप्फुस गेलेलं नाही. एफईव्ही-१ म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. वडिलांच्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी पुरुषाने पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकली असती, तिच्या ५२ टक्के हवा त्यांनी टाकली. टक्केवारी तुलनेच्या तक्त्यावरही अवलंबून असते. तेवढ्याच उंचीच्या युरोपियन माणसापेक्षा आपली फुप्फुसं सरासरीने लहान भरतात, त्यामुळे तक्ता तिकडचा असला की आकडा उगाच घाबरवतो.

आयुष्याशी संबंध मुळीच नाही असं मात्र सांगणार नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावलं, १८४६ मध्ये ती मोजमापं प्रसिद्ध केली आणि छातीभर श्वास घेऊन एकूण किती हवा बाहेर टाकता येते, त्या मापाला 'व्हायटल कपॅसिटी' असं नाव दिलं. व्हायटल म्हणजे जिवाशी संबंध असलेलं. आयुर्विमा कंपन्यांनी हे माप बघावं, अशी त्याची इच्छा होती. पुढे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा त्याचा अंदाज खरा ठरला. ज्यांची फुंकर कमी, त्यांच्यात मृत्यू अधिक. आणि ते फक्त छातीच्या आजाराने नाहीत, हृदयविकारानेही. त्या एका फुंकरीत लहानपणचं खाणंपिणं, जुने न्यूमोनिया, आयुष्यभर आत गेलेला धूर आणि छातीच्या स्नायूंची ताकद, सगळं एकदम मोजलं जातं.

पण हा हिशेब हजारो माणसांचा मिळून आहे, तुमच्या वडिलांचा नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, पेशंटचं पुढचं बघायला २००४ पासून 'बोड' नावाची मोजणी वापरतात. तिच्यात चार गोष्टी येतात: उंचीच्या मानाने वजन, एफईव्ही-१, धाप किती लागते आणि सहा मिनिटांत किती चालणं होतं. चारांतली एकच फुंकण्याची आहे. वडील सहा मिनिटांत किती मीटर चालतात? पत्रात ते नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना हे विचारा, आणि वर्षं मोजणं थांबवा.

प्रश्न : दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत, हे खरं का? (ठाणे)

नाही. २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, तेव्हाही खोटंच होतं.

प्रश्न : घरी तीन चेंडूंचं यंत्र आहे. आईचे तिन्ही चेंडू वर जातात. मग टेस्टचा खर्च कशाला? (सोलापूर)

तो व्यायाम आहे, तपासणी नाही. त्यात हवा आत ओढायची असते. दम्यात आणि सीओपीडीत अडचण हवा बाहेर टाकताना होते.

प्रश्न : बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसतं. म्हणजे काळजी नाही ना? (पुणे)

कोविडने घराघरात ऑक्सिमीटर आणलं आणि तेव्हापासून ही समजूत चिकटली आहे. ते रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, श्वासनळ्या किती अरुंद झाल्या ते दाखवत नाही. नळ्या बऱ्याच बिघडल्या तरी बसल्या जागी ९७ येऊ शकतं. चालून आल्यावर आकडा घसरत असेल तर लगेच दाखवा. घसरत नसेल आणि धाप लागत असेल, तरीही दाखवा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, बीड जिल्ह्यात गावी असते. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. वर्षभरापासून देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागते. गावातले डॉक्टर म्हणतात वय झालं, मावशी म्हणते अंगात रक्त कमी. टॉनिक चालू आहे. थंडी सरली की पुण्याला आणून दाखवावं असं ठरलंय. चालेल ना? (पिंपरी)

नाही चालणार.

'वय झालं' हे निदान नाही. वयाने फुप्फुसं उतरतात, हे खरं. पंचविशी-तिशीनंतर पहिल्या सेकंदाची फुंकर दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. पण निसर्गाने साठा एवढा दिलेला असतो, की नुसत्या वयापायी सत्तरीच्या बाईला सपाट रस्त्यावर बरोबरच्या बायकांच्या मागे पडावं लागू नये. वर्षभरात धाप वाढली असेल तर कारण शोधायचं: फुप्फुस, हृदय, रक्त, थायरॉइड. रक्त कमी आहे की नाही, ते हिमोग्लोबिन तपासून कळतं, डोळ्याची पापणी ओढून नाही. टॉनिकच्या बाटलीवर गेलेल्या पैशांत एव्हाना स्पायरोमेट्री झाली असती.

आता चूल. तुम्ही लिहिलंत, 'सिगारेटला हात लावला नाही'. चुलीसमोर किती वर्षं बसल्या, ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे आईला घेऊन येणारी मुलं हे कधीच आपणहून सांगत नाहीत, कारण चूल व्यसनात मोडत नाही. चाळीस वर्षं दोन्ही वेळेला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळून, फुंकणीने जाळ करत ज्या बाईने भाकरी थापली, तिच्या छातीत काय गेलं असेल? २०१६ च्या अंदाजानुसार भारतात हृदयविकारानंतर सर्वांत जास्त मृत्यू सीओपीडीने झाले, आणि त्यात विडीला न शिवलेल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्याच वर्षी उज्ज्वला योजनाही आली. सिलिंडर घरात आला. पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं आणि भाकरीला 'चव' चुलीचीच लागते. आईला हेही विचारा, की मिश्री लावते का आणि पूर्वी कधी टीबी झाला होता का. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहतात आणि त्यानेही धाप लागते.

सगळ्यात जास्त चीड येते ती उशिराची. माणसं धाप लागू नये म्हणून कामं सोडत जातात. आधी डोंगरावरच्या देवीला जाणं सुटतं, मग आठवडी बाजार, मग अंगण झाडणं. शेवटी ओट्यावर बसून म्हणतात, 'आता काही त्रास नाही'. घरच्यांना वाटतं, टॉनिक लागू पडलं. म्हणून 'दम लागतो का' असं विचारूच नका. विचारा, 'गेल्या दिवाळीला काय करत होतीस, जे आता करत नाहीस?' उत्तर ऐकून तुम्हीच गाडी काढाल.

आणि थंडी सरायची वाट कशासाठी? हे आजार थंडीतच उसळतात. दवाखान्यात दाखल करावं लागेल असा एक झटका आला, की त्यानंतरचे काही महिने जिवाला धोका जास्त असतो, आणि बरेच जण पूर्वीच्या पायरीवर परत येत नाहीत. तेव्हा थंडीच्या आधी आणा. स्पायरोमेट्री, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, ईसीजी. पुढचं काय ते छातीचे डॉक्टर ठरवतील. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही त्यांनाच विचारा.

प्रश्न : मी ७० वर्षांचा आहे, ४५ वर्षं सिगारेट ओढली. आता सोडून काय उपयोग? (नागपूर)

उपयोग आहे. गेलेलं परत येत नाही, पण घसरण्याचा वेग कमी होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ११ वर्षं पाहिलं, तेव्हा सिगारेट कायमची सोडलेल्या पुरुषांची फुंकर दर वर्षी सुमारे ३० मिलिलिटरने घटली. ओढत राहिलेल्यांची ६६ ने. अभ्यासाला सुरुवात करताना ती मंडळी साठीच्या आतली होती, तुम्ही सत्तरीत आहात. म्हणून आणखी थांबू नका. एकट्याने जमलं नाही तर डॉक्टरांकडे गोळ्या आणि निकोटिनचे च्युइंगम आहेत. 'फुप्फुस डिटॉक्स'च्या काढ्यावर पैसे घालवू नका. फुप्फुस म्हणजे मोरी नाही, वरून ओतून धुवायला.

प्रश्न : मोफत शिबिरात माझं 'लंग एज' ९१ सांगितलं. मी ६३ वर्षांची आहे. तिथेच तीन महिन्यांची पावडर घेतली. ती चालू ठेवू का? (कोल्हापूर)

पावडर बंद करा, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. 'फुप्फुसाचं वय' ही युक्ती सिगारेट ओढणाऱ्यांना धक्का देऊन ती सोडवण्यासाठी निघाली. माल खपवण्यासाठी नाही. शिबिरात बहुधा एकदा फुंकायला लावतात आणि पुढच्याला बोलावतात. नीट तपासणीत निदान तीन फुंकरा धड लागतात, आणि अडथळा दिसला तर औषध ओढायला देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. टेस्ट चांगल्या ठिकाणी परत करून घ्या. दम्याच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेली आहेत. तुमच्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही, पण ती घेऊन एकदम बरं वाटलं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

प्रश्न : मुलाने आजीसाठी ऑक्सिजनचं मशीन आणलंय. रोज संध्याकाळी दोन तास लावतो. पुरेल का? (छत्रपती संभाजीनगर)

पुरतं की नाही हा पुढचा प्रश्न. ते हवं आहे, असं कुणी सांगितलं? ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायम फार कमी असतो, त्यांचं आयुष्य घरच्या ऑक्सिजनने वाढतं, हे १९८० च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेत सिद्ध झालं. पण तिथे दिवसाचे १५ तास किंवा त्याहून जास्त लावत होते. दोन तासांचा तो फायदा नाही. ज्यांचं प्रमाण थोडंसंच कमी आहे, त्यांना १५ तास लावूनही तो फायदा दिसलेला नाही. शिवाय काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. प्रवाह किती ठेवायचा ते रक्त तपासून डॉक्टर लिहून देतील. तोवर नॉबला हात लावू नका.

प्रश्न : मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. फुंकायची टेस्ट करू का? (सांगली)

आत्ता नको. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

प्रश्न : टेस्टला उपाशी यायचं का? आणि कवळी काढायची का? (रत्नागिरी)

उपाशी नको, तडस लागेपर्यंत जेवूनही नको. इनहेलर चालू असेल तर किती तास आधी थांबवायचा, ते लिहून देणाऱ्यालाच विचारा, मनाने बंद करू नका. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या, त्याने नळीभोवती ओठ नीट मिटतात. सैल असेल तर काढून डबीत ठेवा. मागे एका आजोबांची तिसऱ्या फुंकरीला थेट टेक्निशियनच्या मांडीवर येऊन पडली होती.