गावाच्या ग्रुपचा ॲडमिन झालास, तर

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोहित्यांच्या वडगावसारखा भोंगा आपल्याही गावात वाजावा, असं लिहिलंस. फार बरं वाटलं. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात २०२२च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी हातात आलेला फोन पुढे सुटेना, म्हणून हा उपाय. पण त्यासाठी आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, हे विसरू नकोस. भोंगा विकत मिळेल, उंबऱ्यावर बसून आईबापांना पटवणारी माणसं तुलाच जमवावी लागतील. बापच रील बघत बसला, तर पोरगं कशाला पुस्तक उघडेल?

मला जास्त काळजी तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपची आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीच पसरले होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरणारी ही माणसं. कुठले, कोण, एवढं विचारायलाही कुणी थांबलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, पण आपल्या गावात ती मर्यादा तूच आहेस. असा मेसेज दिसला की लगेच डिलीट कर, ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग कर आणि पोलीस पाटलांना फोन लाव. रात्रीचे बारा वाजलेले असले तरी लाव.

आणखी एक. ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला कळलं, असं धरून चालू नकोस. दवंडी प्रत्येकाच्या दारावरून जायची. आता ग्रामसभेची सूचना ग्रुपवर पडते आणि वस्तीवरच्या साध्या फोनवाल्या म्हातारीला पत्ताच नसतो. रेशन कधी येणार, हेही तिला शेजारीण सांगेल तेव्हा. कुणी वारलं तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून मोकळा होऊ नकोस, त्या घरी जाऊन बस.

भोंग्याचं नंतर बघू. आधी ग्रुपमध्ये कोणकोण नाही, त्यांची वाडीवार यादी कर. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. कुणाच्या घरी कोण निरोप देणार, ते बसून ठरवू.

तुझे,
गुरुजी