‘केमिकल-फ्री’ बाटलीत आहे तरी काय?

प्रश्न : फरशी पुसण्यासाठी मी नुकतेच एक लिक्विड आणले. बाटलीवर कडुनिंबाचे पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री, पर्यावरणस्नेही’ अशी ठळक अक्षरे आहेत. आत काय घातले आहे, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही. घरात दहा महिन्यांची नात रांगते आहे. घटक छापण्याचे कंपनीवर बंधन नसते का?
– एक आजी, वाई

उत्तर : नसते, हे खेदाने सांगावे लागते. अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, म्हणून त्याच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. डासांच्या लिक्विडवर कीटकनाशक कायद्यामुळे क्रियाशील घटकाचे नाव आणि प्रमाण असते. फरशीच्या लिक्विडला लागू होणारे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम मात्र उत्पादकाचे नाव-पत्ता, परिमाण, किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क असे तपशील मागतात, घटकांची यादी नव्हे. कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्याने घरगुती क्लीनरमधील घटक बाटलीवर आणि संकेतस्थळावर जाहीर करणे सक्तीचे केले. आपल्याकडेही तसा नियम व्हायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

दाव्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे आपली बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येते. म्हणजे आपल्या बाटलीवरची ती अक्षरे कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांनुसार ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि पुरेशा खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण उत्पादनाबद्दल आहे, त्याच्या एखाद्या भागाबद्दल आहे की नुसत्या बाटलीबद्दल, हेही सांगावे लागते आणि सविस्तर माहिती क्यूआर कोडद्वारे देता येते. तेव्हा बाटलीवर असा कोड आहे का, ते आधी पाहावे.

‘केमिकल-फ्री’ हा दावा तर मुळातच टिकणारा नाही, कारण पाणी हेही रसायनच आहे आणि रिठ्याला फेस येतो तोही त्यातील सॅपोनिन या रसायनांमुळे. प्रश्न कोणती रसायने आणि किती, हाच असतो. नेमके तेच बाटलीने झाकून ठेवले आहे.

बाटलीवर दिलेल्या ग्राहक-सेवेच्या पत्त्यावर घटकांची यादी आणि दाव्यांचा पुरावा लेखी मागावा. उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तर लेबलच्या छायाचित्रांसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

तोवर एक काळजी अवश्य घ्यावी. आत काय आहे हे ठाऊक नसलेले लिक्विड ब्लीचमध्ये किंवा संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि बाटलीत या दोहोंपैकी काही आहे का, हे आज आपल्याला कळायला मार्ग नाही. नात ज्या खोलीत रांगते, तिथली फरशी लिक्विडने पुसल्यावर पुन्हा एकदा साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच तिला खाली सोडावे.